सहा इस्पिकांवरची उतारी

मी खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचा, हल्ली काही नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. हे शेवटचे वाक्य वकीलबाईंनी घालायला सांगितले. ते सगळेच घालतात. पण माझ्या बाबतीत ते वाचून ओळखीचे लोक हसतील, कारण गेली चौदा वर्षे मी विसराळू म्हणून प्रसिद्ध आहे. ती प्रसिद्धी खोटी आहे. ते कलम चारमध्ये लिहिले आहे.

१. काचा घासण्याची माझी हत्यारे, म्हणजे बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि काचेची जाडी मोजायचे माप, दुकानाच्या आताच्या मालकीणबाईंना द्यावीत. मापाचा काटा किंचित पुढे पळतो. मी एकतीस वर्षे तेवढे मनातल्या मनात वजा करत आले. त्यांनी नवीन घेतले तर उत्तमच.

२. पुतण्याला, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या मुलाला, त्याच्या काकांचे घड्याळ आणि पुस्तकांचे कपाट द्यावे. याहून जास्त काही नाही. तो वाईट नाही, फक्त घाईत असतो. गेल्या महिन्यात मी पलीकडच्या खोलीत आडवी असताना तो बायकोला सांगत होता, "काकूच्या डोक्याचं काही खरं नाही. तिने आत्याच्या नावावर काही लिहिलं तरी कोर्टात टिकणार नाही, आपण डॉक्टरांचे कागद लावू." मला झोप लागलेली नव्हती. त्या दिवशी मृत्युपत्र लिहायला घेतले.

३. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या नणंदेला मिळावे. नणंद एकाहत्तर वर्षांची आहे, शाळेत भूगोल शिकवायची, लग्न केले नाही. शाळेतल्या मुलींनी पाडलेले मास्तरीण हे नाव घरातही चिकटले. चाळीस वर्षे ती याच घरात राहते आहे आणि तिला दुसरीकडे जायला जागा नाही. पुतण्याचे म्हणणे टिकले तर ती या वयात रस्त्यावर येईल. ते टिकू नये म्हणून पुढचे कलम लिहिणे भाग आहे. मला ते लिहायचे नव्हते.

४. मी आणि मास्तरीण बावीस वर्षे क्लबात ब्रिज खेळलो, समोरासमोर, एकमेकींच्या भिडू म्हणून. नणंद-भावजयीची जोडी इतकी वर्षे टिकली याचेच लोकांना कौतुक होते. आमच्या यजमानांना जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा आम्ही वार्षिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलो. शेवटच्या डावाआधी चहा पिताना ती म्हणाली, "वहिनी, आज जिंकलो तर न्यायाधीश मला त्यांच्या संघात घेणार आहेत. वर्षातले सहा महिने बाहेरच राहावं लागेल. जाऊ ना?" क्लबातले निवृत्त न्यायाधीश हे तिथले सगळ्यात पक्के खेळाडू. मी म्हणाले, जा की. चहा अर्धा टाकून दिला.

समोर दंतवैद्य आणि त्यांची बायको. दंतवैद्य इस्पिक बोलले, बायको बदाम बोलली, त्यांनी बदामाला दुजोरा दिला, आणि चढत चढत बायकोने सहा इस्पिक बोली केली. म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी बारा हात त्यांनी करायचे, आणि मोडायला आम्हाला फक्त दोन हवे. मास्तरीणने डबल दिला, म्हणजे ही बोली मोडणार असे बजावले. उतारी माझी होती, पहिले पान मी टाकायचे.

आमचा ठराव पहिल्या वर्षापासूनचा. एवढ्या मोठ्या बोलीला भिडूने डबल दिला तर नेहमीची उतारी करायची नाही. ज्याची पाने उघडी पडणार, तो खेळाडू पहिल्यांदा जो रंग बोलला, तोच उतरायचा, कारण भिडूकडे त्या रंगाचे एकही पान नाही, तो हुकुमाने कापणार. इस्पिक आधी दंतवैद्य बोलले होते, म्हणून डाव ते खेळणार आणि पाने बायकोची उघडी पडणार; तिचा पहिला रंग बदाम. माझी स्मरणशक्ती तपासायची असेल त्यांच्यासाठी त्या दिवशीची माझी तेरा पाने लिहिते: इस्पिकची दश्शी, तिर्री, बदामची नव्वी, अठ्ठी, छक्की, पंजी, दुर्री, चौकटचा राजा, राणी, दश्शी, छक्की, किलवरची सत्ती, तिर्री. पाच बदाम माझ्याच हातात होते. ठराव नसता तरी समजले असते.

बदामची दुर्री मी बोटांत धरली होती. मग ती परत ठेवली आणि चौकटचा राजा उतरले. दंतवैद्यांनी एक्क्याने तो घेतला, आमचे हुकूम संपवले, चौकटची उरलेली पाने बदामांवर फेकली, आणि मास्तरीणला फक्त किलवरच्या एक्क्याचा एक हात दिला. बदाम आला असता तर तिने पहिला हात कापला असता, एक्का लगेच वाजवला असता आणि खेळ तिथेच संपला असता. दंतवैद्य त्या बारा हातांची हकीकत अजून सांगतात. साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावले आहे, त्यांनाही एकदा कळू दे.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, मी ठराव विसरले. मास्तरीणने माझ्याकडे नीट पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "होतं असं. दादा गेल्यापासून तिचं लक्ष लागत नाही." दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांकडे नेले. न्यायाधीशांनी हरल्यावरही तिला बोलावले होते, हे मला पुढे कळले. तिने नकार दिला. वहिनीला एकटी कशी सोडू, असे म्हणाली.

मग मला विसरत राहणे भाग पडले. तिने गॅसजवळ चिठ्ठी लावली, दाराजवळ लावली, माझ्या पर्समध्ये पत्ता लिहून ठेवला. मी महिन्यातून एकदा आमटीत दोनदा मीठ घालायचे आणि ती मुकाट्याने जेवायची. काय काय विसरायचे ते लक्षात ठेवून माझा जीव मेटाकुटीला आला. आता दमले. मला तिची लाज वाटते, आणि एकटे राहण्याची भीती अजून तेवढीच वाटते.

५. वरचे कलम मी मंगळवारी सकाळी तिला वाचून दाखवले. वकीलबाई नको म्हणत होत्या, मागाहून कळू दे म्हणाल्या. पण तिने ते कधीतरी एकटीने वाचावे आणि भांडायला समोर मी नसावे, हे मला पटेना.

ती शेंगा सोलत होती. सगळ्या सोलून झाल्यावर तिने टरफले कागदात गुंडाळली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी गावाला गेले आणि तू बाहेर पडलीस तर तुला घरी परत यायला सापडणार नाही. सापडलं असतं ना, वहिनी?"

मी म्हणाले, "सापडलं असतं."

तिने माळ्यावरची बॅग काढली. स्टूल मी धरले. कुठे जातेस ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. आज चौथा दिवस.

कलम तीनमध्ये काही बदल करायचा नाही. ती परत आली नाही, माझ्याशी पुन्हा बोलली नाही, माझ्या शेवटाला आली नाही, तरी घर तिचेच. पुतण्याने हे ध्यानात ठेवावे. तिची किल्ली तिच्याजवळ आहे. दाराची आतली कडी मी लावत नाही.

हे सारे माझ्या अक्षरात आहे, खाडाखोड नाही, आणि पुढील दोघांनी मला सही करताना समोर बसून पाहिले आहे.

मृत्युपत्र करणार: सही (काचा घासणारी, मास्तरीणची वहिनी)

साक्षीदार १: सही (दंतवैद्य)
साक्षीदार २: सही (खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई)

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी साडेदहा