तिकिटाखालची खळ

आत्या,

साष्टांग नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं आत्या म्हणतो. काल तुझा दहावा झाला. माणसं पांगली, पण मी कधी न पाहिलेला एक म्हातारा ओट्यावर बसून राहिला. तो जे बोलला ते तुला लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही. खरं तर तुला ते माहीतच होतं!

जन्मभर तुझ्याकडं दाखवण्यासारखं एकच होतं, तुझ्या मालकांचं, आमच्या मामांचं पाकीट. पहिल्या महायुद्धात बोटीत चढण्याआधी त्यांनी ते तुला इथं माहेरी, साताऱ्याला धाडलेलं. आत कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या दोन ओळी. 'सुगीला येतो. तू आपल्या घरी जाऊन राहा.'

मामा आले नाहीत. त्यांच्या मरणाची तार कडेगावाजवळ तुझ्या सासरी आली, तर तुला कळवायलाही कुणी आलं नाही. बायकोला टाकूनच तो पलटणीत गेला, पत्र तर तिच्या भावानं लिहवून घेतलंय, असं ते म्हणत राहिले. माझे वडील असं करतील? आणि पंचावन्न वर्षं तू हे कसं ऐकून घेतलंस गं?

यंदा थंडीत अंथरूण धरलंस आणि हट्टच घेतलास. मरायचं ते सासरी, अग्नी द्यायचा तो दिराच्या मुलानं. शंकरराव आले. माणूस भला. म्हणाले, पत्र खरं ठरलं तर उद्याच गाडी घेऊन येतो, काकी. आणि खरं-खोटं ठरवायचं कुणी? तर मी! जुन्या तिकिटांचा नाद असलेला शाळामास्तर. सांगलीपासून औंधापर्यंतचे लोक संस्थानी काळातली पाकिटं घेऊन माझ्याकडं येत. कितीतरी जणांची मी तोंडावर खोटी ठरवली होती, आणि त्यात मला मजाही वाटायची.

तुझं पाकीटही मी तसंच पाहिलं. अक्षर मामांचं नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणजे भिस्त सगळी तिकिटावर. शिक्का नेमका तिकिटाच्या मधोमध, पाकिटावर त्याची कड उतरलेली नाही, म्हणजे तिकीट दुसरीकडून काढून आणलेलंही असेल. वाफेवर तिकिटाचा एक कोपरा सोडवला, तर खाली डिंक नाही, पिठाची खळ! डिंक धुऊन निघालेलं जुनं तिकीट दुसऱ्या पाकिटावर डकवायचं असलं की लोक खळ लावतात. अशी तीन पाकिटं मी आधी पकडली होती. आवाजही न उतरवता म्हणालो, "खोटं आहे. माझी आत्या असली म्हणून मी खोट्याचं खरं करणार नाही."

केवढा ताठा होता त्या बोलण्यात! शंकररावांनी तुला हात जोडले आणि दुपारच्या एसटीनं ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पाकीट मागून घेतलंस, सरकत सरकत चुलीपाशी गेलीस आणि ते आत घातलंस. मी चहा पीत होतो. खोटंच तर आहे, जळू दे, असं मनात आलं माझ्या. महिनाही काढला नाहीस त्यानंतर. अग्नी मी दिला.

कालचा म्हातारा मेढ्याकडचा, पलटणीत मामांच्याच कंपनीतला. तुझं ऐकून ऐंशीच्या घरातला तो माणूस बस बदलत आला होता. बाईंनी पाकीट जपलं होतं का, म्हणून त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं, खळीसकट.

तो म्हणाला, "आवं मास्तर, ह्ये काय केलंसा? त्यो माळकरी गडी. टिकिटाचा डिंक जिभंला लावायचा न्हाई. हाडाचा असतोय म्हनायचा. पलटनीच्या लंगरातलं पीठ कालवून टिकीट डकवायचा, समदी हसायची त्येला. त्या दिशी पीठ म्याच आनून दिलं व्हतं."

शिक्का मधोमध बसला, कारण मारणाऱ्यानं तो तसा मारला. एवढंच होतं ते.

अजून एक लिहायचं राहिलं, आणि तेच लिहवत नाही. त्या दिवशी मी खळीचं नाव काढल्याबरोबर तू उशीवरून मान उचललीस. "दत्तू, तुझ्या मामांचं येक सांगू का रं?" म्हणालीस. आणि मी काय म्हणालो? "आत्या, यातलं तुला कळत नाही. गप पड." शंकररावांच्या देखत! नंतर तरी ओरडायचंस माझ्यावर. एक शब्द बोलली नाहीस. माझ्या भिंगावर तुझाही विश्वास बसला होता का गं? की हेही आपलं माणूस नव्हे, असं ठरवून टाकलंस?

परवा तेरावा उरकला की मी तुझ्या सासरी जाणार. भावकीला जमवून सांगणार की पत्र खरं होतं, चुकलो मी. ते पुरावा मागतील. पाकीट कुठाय, विचारतील. माझ्यापायी तिनं ते चुलीत घातलं, हे मी सांगेन. माझं म्हणणं तेव्हा त्यांनी लगेच खरं मानलं. आता मानतीलच असं नाही. नाही मानलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन, त्याच्या पुढच्याही. पायांत जोर आहे तोवर जात राहीन, एवढं मात्र माझ्याकडून घे.

तुला गप बसवणारा,
दत्तू