दिवेलागणीचं मौन

२१ जुलै, सोमवार

बसले एकदाची. आज गाडीत एक बाई भेटली, तिच्या पिशवीत— कुकर. आले.

आले. कुकर उतरवला, शिवांजलीची कंपासपेटी शोधून दिली. तेवढ्यात पुढच्या दुकानातून यांची हाक, "वर्षा, सुट्टे हायत का गं?" कंडक्टर बायको केल्याचा एवढा एकच फायदा यांना दिसतो. पिशवीत काय होतं ते मात्र विसरले. काहीतरी भारी होतं.

२२ जुलै

यांनी, म्हणजे केदारनाथांनी, विचारलं, "हिशोब लिहितीस का?"

"नाही."

"मग काय लिहितीस?"

दुकानदाराच्या घरात, ज्याच्या खाली बेरीज नाही ते लिखाणच नव्हे.

खरं उत्तर असं, की दिवसभर मी परळी–बीड गाडीत दुसऱ्यांच्या गावांची नावं ओरडते. सिरसाळा, तेलगाव, वडवणी. घरी आले की सून, बायको, मम्मी. लिहिलं नाही तर तो दिवस मला मिळालाच नाही असं वाटतं. अर्धा तास हवाय, जास्त नाही. पण हे यांना समजावत बसले तर अर्धा तास त्यातच जायचा.

२३ जुलै

झोप.

२४ जुलै, दीप अमावास्या

आज साप्ताहिक सुटी. सासूबाई आणि मी समया घासत बसलो होतो. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. ते ऐकून त्यांना त्यांची एक आत्या आठवली. "श्रावणभर मौन धरायची बघ. दिवेलागणीची पूजा झाली की जेवणापोतर अवाक्षर न्हाई. काय लागलं तर पाटीवर लिहून दावायची."

"मग कोणी हाक मारायचं नाही त्यांना?"

"मौनातल्या बाईला हाक मारत्यात व्हय? पाप लागतंय."

माझा हात समईवरच थांबला. पाटीवर लिहायची! म्हणजे मौनात लेखणी चालते. आणि श्रावण उद्याच लागतोय.

२५ जुलै, शुक्रवार

मौन धरलं. सासूबाईंनी विचारलं, "कशासाठी गं?" म्हटलं, "घरात शांतता नांदावी म्हणून." यात खोटं काहीच नाही.

संध्याकाळी देवघरात चटई टाकली. वही, पेन, समोर समई. दहा मिनिटांत हे दारात आले आणि तोंड उघडलं. सासूबाई मागून कडाडल्या, "मौन हाय तिचं. कावून हाका मारतोस?"

"टावेल कुठाय, एवढंच..."

"हुडक."

हुडकला. लग्नानंतर पहिल्यांदाच यांना यांचा टॉवेल सापडला. मी दीड पान लिहिलं.

२८ जुलै

पहिला श्रावणी सोमवार. वैजनाथाच्या दर्शनाची गर्दी, जादा गाड्या, दारापर्यंत माणसं. पायांचे नुसते खांब झालेत. तरी दोन पानं!

३० जुलै

शिवांजलीनं पळवाट काढली. देवघरात येऊन हळूच म्हणाली, "मम्मी, मोबाईल घेऊ? नको असेल तर बोल." बोलणार कशी? घेतला तिनं. सहावीत आहे अजून. पुढं वकील होणार.

२ ऑगस्ट

शेजारच्या छबुबाई आल्या. मौन माझं आहे, त्यांचं नाही. लेकीला तलवाड्याचं स्थळ आलंय, पंधरा एकर बागायती, मुलगा देखणा, रविवारीच सुपारी फोडायची म्हणतात, तुला काय वाटतं, तुला काय वाटतं. पेनाची शाई वाळायला लागली. त्या उठाव्यात म्हणून चिठ्ठी लिहून दिली: "आधी तलवाड्याला जाऊन चार घरी चौकशी करा."

हेच मी त्यांना नळावर तोंडानं तीनदा सांगितलं होतं. तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुला काय कळतंय त्यातलं." आज तीच बाई चिठ्ठी कपाळाला लावून घेऊन गेली.

५ ऑगस्ट

छबुबाई चौकशीला जाऊन आल्या. त्या मुलाचं एक लग्न आधीच झालेलं निघालं! बायको माहेरी बसून आहे. गल्लीभर एकच चर्चा, मौनात वर्षाला दिसतंय. सासूबाईंचा चेहरा असा उजळलाय, जणू त्यांनीच मला घडवलं.

७ ऑगस्ट

भाजीवाल्या बायनाबाई आल्या. गुडघा दुखतो, तेल लावू की डॉक्टरकडं जाऊ? लिहिलं, "डॉक्टरकडे जा." बायनाबाईंना वाचता येत नाही. सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "डाक्टरकडं जा. अन् सुनंशी भांडू नका, त्यानं गुडघा वाढतोय."

दुसरं वाक्य माझं नव्हतं. पण मौनात बोलता येत नाही.

८ ऑगस्ट

मनात पाप आलं. ते तसंच चिठ्ठीवर उतरवलं आणि यांना दिलं: "उद्यापासून सकाळचा चहा तुम्ही करावा." यांनी आईकडं पाहिलं. वाटलं होतं, सासूबाई आता माझी पूजा बांधणार. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "लिवलंय न्हवं? मग कर."

९ ऑगस्ट

चहा आला. चहा कसला, साखरेचा पाकच. प्यायले, आणि वर आणखी अर्धा कप मागितला.

१२ ऑगस्ट

देवघराबाहेर चपलांचा ढीग. म्हैस आटलीय. जावई येईना. थर्मल वीजकेंद्राची राख वाळवणावर बसते, घर बदलावं का. सासूबाई एकेकीला आत सोडतात आणि माझ्या एका ओळीच्या तीन ओळी वाचून दाखवतात. त्यांना एवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या पाच दिवसांत ही रोजनिशी मी डेपोच्या बाकावर, गाडी लागेपर्यंत लिहिली. म्हणजे अर्धा तास मिळवायला एवढी सोंगं केली आणि तो अर्धा तास गल्लीला वाटून टाकला. राग आला स्वतःचाच. मौन मोडलं तर चहा जाणार. चहाचं सोडा, दारात कोणी राखणीला उभं राहणार नाही. नुसती लिहीत बसलेल्या बाईसाठी कोण दार अडवतं? संध्याकाळी एवढं रडू आलं. बाहेरच्या म्हणाल्या, "अंगात यायलंय."

१३ ऑगस्ट

आज बोलले. भर देवघरात, समई जळत असताना.

"मला काही दिसत नाही. मी इथं माझं माझं लिहायला बसते. मला लिहायला आवडतं. घरात बसू देत नाहीत, म्हणून मौन धरलं."

मग छबुबाई म्हणाल्या, "मग तलवाड्याचं कसं कळलं तुला?"

"ते मला कळलं नव्हतं. चौकशी करा एवढंच म्हणत होते, नळावरसुद्धा. तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत."

बायनाबाई म्हणाल्या, "मंजी सुनंशी भांडलं तरी चालंल?" आणि निघाल्या. चपला भराभर कमी झाल्या. हे दुकानातून डोकावून गेले, चेहऱ्यावर चहा सुटल्याचा आनंद. सासूबाईंनी चष्मा काढला, मिटला आणि त्या आत निघून गेल्या. चार बायकांत त्यांची मान खाली गेली, ती माझ्यामुळं. त्याचं मला वाईट वाटतंय, फार. पण जे बोलले ते परत घेणार नाही.

१४ ऑगस्ट

चहा मीच केला. सासूबाई बोलत नाहीत. "आत्याबाई, भाकरीला किती पीठ घेऊ?" त्यांनी नुसती परात पुढं सरकवली. संध्याकाळी देवघराकडं गेलेच नाही. ही पानं ओट्यावर, शेगडीच्या उजेडात लिहितेय. तीन हाका झाल्या. एक टॉवेलची.

१५ ऑगस्ट

दिवेलागणीला सासूबाई देवघरात माझ्या चटईवर बसलेल्या. तोंड मिटलेलं, मांडीवर शिवांजलीची जुनी पाटी. हे दारात उभे होते, पाटीवरचा हुकूम वाचून झाल्यासारखा चेहरा. मी वाकून पाहिलं. मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: "आजपासून आमी दोघी मौनात. भाकरी केदार टाकील."

मग त्या चटईवर थोड्या सरकल्या आणि माझ्यासाठी अर्धी जागा केली.