लाल पेटीचं रक्त

१९ एप्रिल

कुत्रा गेला. लाल पेटीतल्या मधमाश्यांनी मारला. साखळीला बांधलेला, पळणार कुठे? मी धूर घेऊन पोचले तेव्हा कुत्रा दिसतच नव्हता – नुसत्या माश्या. नाकात, कानात, जिभेखाली.

सासरे खड्डा खणता खणता म्हणतात, "चूक कुत्र्याची. तिच्या दारात भुंकायचं कशाला?" म्हातारा त्या पेटीपायी खुळावलाय.

२३ एप्रिल

पुन्हा तेच भांडण. गेल्या वर्षी माश्यांना चिकटणाऱ्या बारक्या गोचिडांनी आमच्या सगळ्या पेट्या खाल्ल्या. औषधाशिवाय एकटी लाल तगली. तिच्या माश्या गोचीड धरतात, पाय कुरतडतात, फेकून देतात. पोखरलेली पिल्लंसुद्धा घरातून ओढून बाहेर टाकतात. यंदा विकत आणलेल्या पिवळ्या माश्या म्हणजे गरीब गाई. उघड्या हाताने चौकट उचला, काही करत नाहीत. गोचिडालाही काही करत नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, लाल पेटीची राणी बदलू या. खाण तशी माती. आई बदलली की महिन्या-दीड महिन्यात पेटी शांत होईल."

"ओतिलिया, दात आहेत म्हणून जगली ती. तुला दात हवेत, चावा नको. असं कुठे असतं का, पोरी?"

"कुणाचा तरी जीव जाईल."

"मग आधी माझा घे."

एलिसेओ खाली मान घालून टॉर्टिया चघळत होता. बापासमोर माझ्या नवऱ्याची दातखीळ बसते.

११ मे

सासरे गेले.

गवत कापायचं यंत्र घेऊन लाल पेटीजवळ गेले होते. यंत्राचा आवाज तिला सहन होत नाही हे त्यांनीच मला शिकवलेलं! मी नळी घेऊन धावले, पाणी मारत राहिले. मेस्किटच्या झुडपाखाली पालथे पडले होते. उलटे केले तर चेहराच नाही. गालभर डंखांचे काटे, चार दिवसांची दाढी वाढावी तसे. गाडीत एलिसेओ सारखा "बाबा, बाबा" करत होता. हॉस्पिटलच्या दारातच संपलं.

१२ मे

एलिसेओ म्हणाला, "जाळून टाक. मला ती दिसायला नको."

जाळायच्या आधी साबणाचं पाणी ओतलं. काळा चिखल झाला माश्यांचा. त्यातून राणी शोधली. बोटांत चिरडली. मग बुटाखाली घेतली, परत परत. सगळीकडे पिकल्या केळ्यासारखा वास – डंखाचा वास. हातमोजे काट्यांनी भरले.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१५ मे

पुरलं. एलिसेओ रडला नाही. मी रडले, मलाच नवल वाटलं.

२ सप्टेंबर

पिवळ्या मरतायत. पंख चुरगळलेल्या माश्या पेट्यांपुढे सरपटतात. औषध दोनदा घातलं, गोचिडांना ढिम्म फरक नाही. आज सरपटणाऱ्या सगळ्या टाचेने रगडल्या. एलिसेओ बघत होता. "पेट्या संपल्या की रान विकू, मी ट्रकवर जातो," म्हणाला. मला या माश्यांशिवाय दुसरं काही येत नाही. आणि जायचंही नाही कुठे.

२८ सप्टेंबर

सगळ्या पेट्या गेल्या. पाण्याच्या टाकीजवळची एक सोडून. ती गच्च भरलेली! पेटीखालच्या कागदावर मेलेले गोचीड. भिंग लावलं – पाय कुरतडलेले. लाल पेटीत असायचे तसेच.

या पेटीची राणी एप्रिलमध्ये मेली होती. माश्यांनी आपली नवी घडवली. ती उडाली, हवेतच नरांशी जुगून परत आली. लाल पेटी तेव्हा जिवंत होती. मी मेमध्ये लाल पेटीतली आई चिरडली, पण तिचे मुलगे त्याआधीच बाहेर पडून या नव्या राणीला भेटलेले. माश्यांत नराला बाप नसतो. नर म्हणजे निव्वळ आई.

हिच्या लेकी राण्या म्हणून वाढवल्या तर पुढच्या वर्षी रान पुन्हा पेट्यांनी भरेल. एलिसेओला कळलं तर आजच्या आज काडी लावेल. त्याचा बाप गेलाय, त्याला काय सांगू?

३० सप्टेंबर

एलिसेओ भुवई सुजवून आला. "टाकीपाशी काहीतरी चावलं. काय असेल?"

गांधीलमाशी काटा ठेवून जात नाही, मधमाशी जाते. बर्फ लावता लावता मी काटा नखाने काढला आणि मुठीत धरला.

"गांधीलमाशी," म्हटलं. "यंदा फार झाल्यात."