दातासाठी आलेल्या जादा रकमेबाबत

प्रति,
मा. कर अधिकारी (वैयक्तिक विवरणपत्रे)

विषय: आरोग्य बचत खात्यातील जादा २४० डॉलर्स आणि ते भरणाऱ्याचे नाव.
संदर्भ: माझे २०२५चे विवरणपत्र, खालचा उजवा दात.

महोदय,

१. मी एस्कनाबा, मिशिगन येथे शाळेच्या बसचालकांना वायरलेसवरून सूचना देऊन गाड्या सोडते. उपचारांसाठी करमुक्त पैसे साठवायच्या या खात्यात वर्षाला भरायची मर्यादा ४,३०० डॉलर्स. तेवढे माझ्या पगारातून कापले गेले. तरीही खात्यात दरमहा वीस डॉलर्स अधिक आले. शेरा: ‘दातासाठी’. ते मी भरलेले नाहीत.

२. दुसऱ्याच्या खात्यात कोणीही पैसे भरू शकतो, असे बँक म्हणते. नाव सांगत नाही. भाऊ व्हर्नरला फोन केला. तो म्हणाला, “अगं आयलीन, मी तुला वाढदिवसाचं कार्ड पाठवत नाही, वीस डॉलर कुठले पाठवतोय!” सात नंबरच्या बसचा चालक लॉइड म्हणाला, “तूच भरले असशील आणि विसरली असशील. वय झालं बाई तुझं.”

३. दाताबद्दल मी कोणाशीही बोललेले नाही. फक्त डाव्या बाजूने चावते. म्हणजे मला जेवताना कोणीतरी पाहिले आहे.

३ (पुन्हा). जादा रक्कम मुदतीत काढून घेतल्यास दंड नाही, हे ठाऊक आहे. ती मी काढणार नाही. तिच्यावरचा सहा टक्के दंड, म्हणजे १४ डॉलर्स ४० सेंट, सोबत भरत आहे. ती खात्यात राहील तोवर दरवर्षी भरीन.

४. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत विमा कोणाचा असे विचारले आहे: ‘केवळ स्वतः’ की ‘कुटुंब’. मी नेहमीप्रमाणे ‘केवळ स्वतः’वर खूण केली. विम्यापुरते ते खरे आहे.

५. तरी बँकेकडून नाव मागवून मला कळवावे, ही विनंती. नियमात बसत नसल्यास सोबतचा लिफाफा त्या व्यक्तीकडे पोचता करावा. दात अजून काढलेला नाही, एवढे तिला सांगावे.

आपली, कर वेळेवर भरणारी,
आयलीन कोस्केला
९ एप्रिल २०२६

सोबत:
१) दंडाचा फॉर्म व चेक.
२) खात्याचा उतारा; बारा नोंदींखाली पेन्सिलीने रेघा मी मारल्या आहेत.
३) माझा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला रिकामा लिफाफा, त्या व्यक्तीच्या उत्तरासाठी. कोणाचा तरी खातेक्रमांक चुकून हे पैसे माझ्याकडे आले असल्यास ते ज्याचे त्याला द्यावेत. मला कळवू नये. लिफाफाही परत पाठवू नये. तो अजून पोस्टात आहे, असे मी समजेन.