ब्रेक बदलल्याची खबर

नांदेड,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

चि. हणमंत भावजी,

वहिनीचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. इकडे थंडी पडायला लागलीय. तुमच्याकडचा हरभरा एव्हाना पेरून झाला असेल. जाऊबाईंची कंबर कशी आहे? आणि तुमच्या गावातला बजरंग आता काठीशिवाय चालतो, असं औशाहून आलेल्या एकानं सांगितलं. खरं असेल तर कळवा.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवरचं सगळं ह्यांच्या कानावर जातं, आणि तुमचं नाव निघालं की हे उठून गच्चीवर जाऊन बसतात. मग मी बोलत राहते, पण लक्ष जिन्याकडं. त्यापेक्षा हे बरं. सगळी नोकरी पोस्टात झाली, पत्राचं मला काही जड नाही.

खबर अशी, की आमच्या मॅटाडोरचे ब्रेक बदलणं चाललंय. तुम्ही तिला डबडं म्हणता. म्हणा. बिलोलीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी ती उदगीरहून आणली, स्वतः रंधा मारून आत पलंग केला, शेगडीचा कट्टा केला, पाण्याची टाकी बसवली. हंपी, गोकर्ण, पार पुष्करपर्यंत आम्ही तिच्यातच राहिलो, तिच्यातच रांधलं. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळं पडद्यांचे रंग मात्र मला कधी निवडू दिले नाहीत.

तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. म्हणजे चाकाच्या आत एक बंद डबा, आणि पाय दाबला की आतून त्याला घासणारे लायनर. घाटात तापले की ते धरत नाहीत, पाण्यातून गाडी काढली तरी धरत नाहीत. आता पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायची. उघडी तबकडी, आणि तिला दोन्हीकडून पकडणारा चिमटा. त्याला कॅलिपर म्हणतात. मागचे ड्रम तसेच राहतील.

हे ठरवलं ह्यांनी. मे महिन्यापासून दुसरा विषय नव्हता. ब्रेक धरले असते तर तुमच्या वेशीपाशी काही झालंच नसतं, असं हे म्हणतात. तुमचं म्हणणं वेगळं होतं. ते तुम्ही तुमच्या पोराच्या लग्नाच्या मांडवात, व्याह्यांसमोर, सांगितलंत. त्यावर मला आज काही लिहायचं नाही.

लातूर रोडला सोमेश म्हणून एकाचं गॅरेज आहे. तो आधी तयारच नव्हता. म्हणाला, "काका, ह्या वयात कशाला एवढा खटाटोप? गाडीच्या वयात म्हणतो मी, तुमच्या न्हाई." हे हसले नाहीत. मग त्यानं भंगारातून एका दुसऱ्या गाडीचे हब आणि तबकड्या आणल्या. कॅलिपर धरायची पट्टी लेथवर करून घेतली. ती पहिल्यांदा चुकली, पुन्हा केली. जुनी रिम कॅलिपरला घासायला लागली, म्हणून रिमही बदलल्या. पाय कमी दाबावा लागावा म्हणून बूस्टर बसवला. परवानगीसाठी आरटीओत हे स्वतः दोनदा जाऊन आले.

काल एअर काढायचं काम होतं. नवीन नळ्यांत हवा राहिली तर पेडल भुसभुशीत लागतं. ती काढायला एकानं वर बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल सैल करायचा. वर मला बसवलं.

"दाबा काकू. धरा. सोडा." सोमेश खालून ओरडायचा. दुपारपासून माझं हेच. ब्रेक ऑइलचे डबे रिकामे झाले, पण पेडल स्पंजासारखंच. हे शेजारी उभं राहून म्हणत होते, "मी म्हणलं होतं न्हवं, ह्या गाडीच्या ब्रेकातच खोट हाय."

शेवटी सोमेश कपाळावर हात मारून बाहेर आला. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं लागला होता. त्यामुळं निपल खाली आले होते, आणि हवा तर वर चढते. ती निघणार कुठून? अदलाबदल केली आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. सोमेशनं सगळ्यांना चहा पाजला. हे मात्र त्या पेडलकडं बराच वेळ बघत राहिले.

आता गाडी रस्त्यावर काढून बघायची आहे. तेवढं झालं की कळवते.

तुमची वहिनी,
शिवकांता

*

नांदेड,
ता. २२ डिसेंबर २०२४

चि. हणमंत भावजी,

आशीर्वाद. तुमचं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल, असं धरून लिहितेय.

गाडी काढून बघितली. शहराबाहेर एक मोकळा माळ आहे, तिथं लोक गाडी शिकायला येतात. त्या दिवशी कुणी नव्हतं. हे चालवत होते, मी डावीकडं बसले होते. सरळ रस्त्यावर ह्यांनी वेग धरून ब्रेक मारले. गाडी नाक खाली घालून जागच्या जागी थांबली. पुन्हा मारले, पुन्हा थांबली. ह्यांचा चेहरा मे महिन्यापासून एवढा मोकळा मी बघितला नव्हता. म्हणाले, "आता सांग हणमंताला. काय खोट होती ते सांग त्याला."

मग वळून परत येत होतो. डावीकडच्या बाभळीपासून एक वासरू रस्त्याकडं चालत येत होतं. पळत नव्हतं, उड्या मारत नव्हतं. चालत होतं. मला ते लांबूनच दिसलं. हे बघतील म्हणून मी गप्प बसले. वासरू रस्त्यावर आलं. ह्यांचा पाय हलला नाही. हे समोर बघून बोलत होते, पुढच्या वर्षी गिरनारला जाऊ म्हणून.

मी ओरडले. तेव्हा ह्यांनी ब्रेक दाबला. मागची भांडी सगळी खाली आली. वासरू बंपरपाशी उभं राहिलं आणि मग गेलं आपलं चरायला.

"हे कुठून आलं?" ह्यांनी विचारलं.

"बाभळीपासून. चालत येत होतं."

"चालत?"

"हाव."

ह्यांनी गाडी बंद केली. मी मागं जाऊन भांडी उचलली, जागच्या जागी लावली आणि परत पुढं येऊन बसले. तेव्हा हे स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "ब्रेक लई चांगले झाले."

मी हो म्हणलं.

"अगं, त्या दिवशी बी ब्रेक चांगलेच असतील. मी दाबलाच न्हवता. बजरंग मला दिसलाच न्हाई. गाडीला लागल्यावर आवाज आला, तेव्हा कळलं कुणीतरी हाय म्हणून."

एवढंच. मग किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः उतरून माझ्या दारापाशी येऊन उभे राहिले. मी पलीकडच्या सीटवर सरकले. परत येताना गाडी मी चालवली. लायसन माझ्याकडं आहे, मोकळ्या रस्त्याला मी अधूनमधून चालवायचे, पण जुनं पेडल दाबताना गुडघ्यातून कळ यायची. आता येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. समोरचं नीट दिसतं, अक्षरं दिसतात, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. बाजूचं मात्र गेलंय, डावीकडचं जास्त. गेलेलं परत येणार नाही. राहिलंय ते टिकावं म्हणून थेंब दिलेत. ते मी वेळच्या वेळी घालते. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "ती मी सोडलीय." डॉक्टरांनी असंही सांगितलं, की हा आजार घराण्यात असतो. भावंडांनी तपासून घ्यावं. म्हणून तुम्हाला सांगते भावजी, लातूरला जाऊन डोळे तपासा. दिसतंय म्हणून टाळू नका. ह्यांनाही दिसतच होतं.

त्या दिवशी मांडवात तुम्ही ह्यांच्या हातातली किल्ली हिसकून घेतली आणि म्हणालात, "दादा, डोळे फुटले का तुझे?" सोबतचे काही लोक हसले. तुम्ही घाबरला होतात, बजरंग तुमच्यासमोर रस्त्यात पडला होता, हे मला कळतं. ह्यांनाही आता कळतं. पण हे घरी आल्यावर कित्येक दिवस आरशासमोर एक डोळा झाकून उभे राहायचे. मला वाटायचं, डोळ्यात काही गेलं असेल. आता विचारलं तर म्हणाले, "हणमंत खरं बोलतो का ते बघून राहिलो होतो."

आम्ही येळवसच्या अमावास्येला, शेतातल्या पूजेला येतोय. गाडी मी चालवणार, लोहा, अहमदपूर, लातूर करत हळूहळू. आंबिल आणि भज्जी मी इथूनच करून आणते, जाऊबाईंना वाकायला लावू नका. पण शेतात यायच्या आधी ह्यांना बजरंगच्या घरी जायचंय. त्याला, त्याच्या आईला, स्वतःच्या तोंडानं सांगायचंय की ब्रेकचं काही नव्हतं. मी सोबत येते म्हणलं, तर नको म्हणाले. म्हणाले, "हणमंताला लिही. माझ्या डाव्या अंगानं चाल म्हणावं, गल्लीत मला त्या बाजूचं कळत न्हाई."

ह्यांचं म्हणणं आहे तसं लिहिलंय. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी गाडी वेशीबाहेर उभी करून थांबेन.

खाली ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत. मी त्या न वाचताच पत्र बंद करणार आहे.

तुमची वहिनी,
शिवकांता

हणमंत,
तू म्हणलास ते खरं होतं. चारचौघांत म्हणायचं न्हवतं. पण ये.
— दादा