लँग्विशचं पाचवं वाक्य

रवि. ७ मे २००६
पहिली आली ती शेजारची कोकिळाबेनच. मंगल रिक्षातून उतरायच्या आधी ही दारात. "मासी, बेटी आयी क्या?" कान आहेत का अँटेना! मग आली माझी लेक. सहा वर्षांनी. जावयाला मी पंगतीत टोचून बोलले, तेव्हा भरल्या ताटावरून उठलेली, ती आज. सोबत नात गार्गी, सहावीत गेली. मी चौथीत सोडली शाळा, ही पुढे गेली की! खाडीच्या निवट्या मासळीचं कालवण केलं. मंगलने दोनदा मागून घेतलं. मला जेवण सुचेना.

मंगळ. ९ मे
गार्गीला सुट्टीचा अभ्यास. इंग्रजी शब्द, लँग्विश. पाच वाक्यं करायची. म्हणे, "आजी, कुणी बघत नाही, विचारत नाही, म्हणून हळूहळू ताकद जाते ना, ते." तुरुंगात कैदी होतो. पाण्याविना झाड होतं. साहेबाच्या टेबलावर कागदपण होतो! धावून दमलो तर नाही हां, ते वेगळं. म्हटलं, अगं हे तर आपलं झुरणं. कागद बिचारा कसा झुरेल, पण असो. आपलं खाडीकाठचं मिठागर सांगितलं, काम बंद पडलं तसे बांध खचत गेले. तिने चौथं वाक्य तेच केलं. पाचवं दाखवेना.

बुध. १० मे
पाचवं मंगलने वाचलं, मोठ्याने. माझी आजी भाईंदरला सहा वर्षं लँग्विश झाली. म्हटलं, "कसली झुरतेय, वजन बघ माझं!" कुणी हसलं नाही. मं. घासलेलीच भांडी परत घासत बसली. मला म्हणायचं होतं, तेव्हा माझंच...

शुक्र. १२ मे
निघाल्या. आपल्या आगरातलं शेवटचं जाडं मीठ बरणीत होतं. त्याची पुडी घाईत मं.च्या हातात दिली. हातात! मीठ हातात दिलं की भांडण होतं, खाली ठेवावं, हे मीच तिला शिकवलेलं. ओरडले, "ठेव, ठेव खाली!"
तिने मूठ आवळली. "भांडण झालंय की आधीच, आई. आता काय व्हायचंय?"
जावयाचं विचारायला जीभ उचलेना. तीच म्हणाली, "त्यांना विचारते. दसऱ्याला तिघं येऊ."
गार्गीने कॅलेंडरवर लाल गोल केला. बघितलं, तर दसरा सोमवारी. सोमवारी निवट्या चालायच्या नाहीत, मंगळवारीही नाही. म्हणजे बुधवारपर्यंत तरी राहायला हवेत.