रविवारी बंद, मालक देवळात

काशीद,
होळीनंतरचा मंगळवार

प्रिय सुमतीताईस,

धाकट्या शांतवनचा प्रभूच्या नावात सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे, की अजून कपाटामागे पेढ्यांचा डबा सापडतो? (सापडला तर फार ओरडू नकोस. मेट्रन म्हणून आयुष्यभर वॉर्ड दणाणून सोडलास, आता घरच्या पेशंटला थोडी सूट दे.) मिरजेत उन्हाळा तापला असेल. इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत. सगुणाची कंबर अधूनमधून धरते, सूनबाई नेत्रा ठीक आहे, आणि केतनची तब्येत तर उत्तमच असणार, कारण तुला फोन करून इतका वेळ बापाची तक्रार करायची म्हणजे छातीत दम लागतो.

त्या तक्रारीवरून तू मला फोन केलास, "शांतू, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं विचारलंस, आणि मी उत्तराला तोंड उघडताच "थांब, आधी माझं ऐक" म्हणालीस. जन्मल्यापासून मी आधी तुझंच ऐकत आलोय. म्हणून हे पत्र. कागदाला तुला मध्येच अडवता येत नाही. तेव्हा मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. होय, मी आपली कॉटेजेस रविवारी बंद ठेवतो. पुढेही ठेवणार. केतनने रुसावं, तू रागवावंस, गावाने हसावं, मी ऐकणार नाही. आता हे कसं झालं ते सांगतो, आणि सगळं वाचून झाल्याशिवाय चष्मा काढू नकोस.

तुला माहीतच आहे, मी मुरुड डेपोतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो तेव्हा बाबांच्या सुपारीच्या वाडीत एक खोली बांधली. पुण्याची मोटारसायकलवाली पोरं यायची, सगुणाच्या हातची कोळंबी खायची आणि खाटेवर आडवी पडायची. तेवढ्यावर आम्ही सुखी होतो. मग एकाच्या चार खोल्या झाल्या. केतनने नोकरी सोडून त्या इंटरनेटवर टाकल्या. एसी आले, गिझर आले, एक निळा हौद आला ज्याला स्विमिंग पूल म्हणायचं असतं (समोर अख्खा समुद्र आहे, पण लोक हौदात बसून समुद्राकडे बघतात). गाडी आली. आणि या सगळ्याबरोबर, ताई, काळज्या आल्या. पंप जळेल का, संडासाची टाकी भरेल का, पांढऱ्या चादरीवर कोणी आमटी सांडेल का, पाहुणा तारे किती देईल. पूर्वी मी फक्त आकाशातले तारे बघायचो. आता कोणा अनोळखी माणसाने एक तारा कमी दिला की मला जेवण जात नाही.

रविवारची चर्चची उपासना सुटली ती अशीच. एक दिवसही मी ठरवून चुकवला नाही, हे लक्षात घे. रविवारी सकाळी पाहुण्यांचा नाश्ता असतो, मग हिशेबाची घाई, मग नवीन येणारे. पुढच्या रविवारी नक्की, असं म्हणत म्हणत मी देवळाची पेटी वाजवणारा माणूस देवळावरून फक्त गॅसचं सिलिंडर आणायला जाऊ लागलो. सगुणा मात्र दर रविवारी मिनिडोर रिक्षात दाटीवाटीने बसून एकटी जायची. आणि मी? मी देवळाला पंखे दिले. मग खुर्च्या दिल्या. मग लाऊडस्पीकर दिला. मंडळीने मला पंच केलं, शाल घातली. शांतवन प्रार्थना करतो का, हे कोणीच विचारलं नाही, कारण पंखे फार छान फिरत होते. घरी प्रार्थनेला बसलो की 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीपाशी यायचो आणि मला पाव आठवायचा. उद्याच्या नाश्त्याचा पाव सांगितला का? तिथून जो उठायचो तो आमेनला परत यायचोच नाही.

मग आला कापणीचा सण. लोकांनी भाताच्या लोंब्या, केळी, दुधी भोपळे, कोंबड्या आणून वेदीपुढे मांडल्या होत्या. मी पंच म्हणून पहिल्या खुर्चीवर. पाळकसाहेबांनी (घाटावरचे आहेत, भला माणूस, पण मासा काट्यासकट गिळतात) एकाएकी जाहीर केलं, "आता आपले शांतवनराव उपकारस्तुतीची प्रार्थना करतील." मी उठलो. हात जोडले, डोळे मिटले, आवाज पूर्वीसारखा खर्जात लावला, आणि ताई, तुझ्या गळ्याची शपथ, माझ्या तोंडून जे आलं ते असं: "हे दयाळू पित्या, तुझं मनःपूर्वक स्वागत आहे. चेक-इन दुपारी, चेक-आउट सकाळी. गरम पाणी फक्त सकाळच्या वेळेत मिळेल. बाहेरचं जेवण आणू नये, ओले कपडे गादीवर टाकू नयेत, आणि आपल्या मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आपलीच राहील."

आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन."

कोणाच्या लक्षातच आलं नाही! फक्त मागच्या बाकावर बसलेल्या आवडाबाईंच्या. (आपल्याला लहानपणी शब्बाथशाळेत गाणी शिकवायच्या त्याच. आता पार वाकल्यात, कान मात्र टिटवीचे.) बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "शांतू, देवाला खोली दिलीस व्हय रं? बरी हाय ना? का समुद्र दिसत न्हाय तिथून?" आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की त्यांना उचकी लागली.

मीही हसलो. घरी येऊन सगुणाला सांगितलं, तीही हसली. दुपारी मात्र वाडीत विहिरीपाशी जाऊन बसलो आणि म्हटलं, आता नीट प्रार्थना करू, आपणच आणि तोच. डोळे मिटले. काही येईना. रागावून बघितलं, रडायचा प्रयत्न केला, तरी आत काहीच नाही. पंप बंद पडल्यावर नळातून नुसती हवा येते ना, तसं. ताई, आई गेली तेव्हाही मला असं रिकामं वाटलं नव्हतं. मी घाबरलो. त्याच संध्याकाळी निळ्या रंगाचा डबा काढला आणि फाटकावर पाटी लावली: रविवारी बंद, मालक देवळात.

(या पाटीचा एक त्रास झाला. आपण चर्चला देऊळ म्हणतो हे लोकांना काय ठाऊक, त्यांना वाटलं मालक हरिहरेश्वराला गेले, आता दोन दिवस काही येत नाहीत. एकाने तर मला येताना त्याच्यासाठी प्रसाद आणायलाही सांगितलं.)

केतनने पाटी दोनदा वाचली. मग म्हणाला, "पप्पा, काशीदला लोक शनिवार-रविवारीच येतात. सोमवारी काय कावळ्यांना खोल्या देऊ?" मुद्दा बरोबर होता. मी तो मान्य केला आणि पाटी तशीच ठेवली. सगुणाला वाटलं आठवडाभरात उतरेल. ती म्हणाली, "अहो, तुम्ही देवळात या एवढंच मी म्हणत होते. दुकानच बंद करा असं कुठे म्हटलं?" पण मी मला ओळखतो. खोलीत पाहुणा असला की मी देवळात नसतो, मग अंग कुठेही बसलेलं असो.

आता ज्या प्रकरणावरून तू फोन केलास ते. पनवेलचे हर्षदशेठ, ट्रकांचा मोठा धंदा, अख्खं खटलं घेऊन शनिवारी आले. सकाळी नाश्ता करून निघायचं असं ठरलं होतं. माझ्याशी. केतनने मागच्या मागे त्यांना संध्याकाळपर्यंत राहा म्हणून सांगितलं होतं. रविवारी मी आणि सगुणा नवे कपडे घालून निघालो तर हौदात पोरं, अंगणात कोंबडीचा मसाला, आणि हर्षदशेठ टॉवेल खांद्यावर टाकून मला विचारतात, "काका, दुपारच्या जेवणाला पापलेट मिळेल ना?" मी केतनकडे बघितलं, तो झाडाकडे बघत होता. मी पंपाच्या खोलीत गेलो, पाण्याचा मुख्य कॉक बंद केला, खोलीला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि मिनिडोरला हात केला. बरोबर केलं का? नाही. परत करीन का? ते विचारू नकोस.

त्या दिवशी उपदेश पेरणाऱ्याच्या दाखल्यावर होता. बी काट्यांत पडतं, काटे वाढतात आणि रोपाचा श्वास कोंडतो, तो दाखला. संसाराची काळजी आणि पैशाचा मोह म्हणजे ते काटे. पाळकसाहेब बाभळीचे काटे समजावून सांगत होते, पण मला आपली वाडीमागची करवंदीची जाळी दिसत होती. लहानपणी बाबा ती तोडायला निघाले की आपण दोघं रडायचो, कारण उन्हाळ्यात तिला करवंदं लागायची. पुढे ती जाळी एवढी माजली की मागच्या सुपाऱ्या गेल्या. नुसते काटे असते तर आपणच तोडले असते की ताई! गोड होती म्हणून राहिली. एवढं मनात येतंय तोच मागचं दार करकरलं.

हर्षदशेठ. डोक्याला शॅम्पूचा फेस, तो वाळून पांढरी टोपी झालेली, अंगात शर्ट उलटा. गाडी घेऊन माझा माग काढत आले होते. बिचारे शेवटच्या बाकावर आवडाबाईंच्या शेजारी टेकले आणि मला हाताने किल्ली फिरवून दाखवू लागले. मी पेटीवर बसलेलो, उठणार कसा? पाळकसाहेबांनी मात्र नवा चेहरा हेरला आणि आनंदाने म्हणाले, "आज आपल्यात एक पाहुणे आले आहेत. बंधू, उभे राहा. आपण इथे कशाच्या शोधात आलात, मंडळीला सांगा."

हर्षदशेठ उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "मला चावी पाहिजे."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बंधू, ती चावी आम्हा सगळ्यांनाच पाहिजे." आणि मंडळी म्हणाली, "आमेन."

आवडाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सगुणा खाली वाकून चप्पल शोधायला लागली. आणि मी पेटीच्या भात्यावर डोकं टेकून इतका हसलो, इतका हसलो की पेटी आपोआप एक सूर धरून रडल्यासारखी वाजत राहिली. आणि ताई, हे तुला खरं खरं सांगतो, त्या हसण्यातच कधीतरी ती रिकामी जागा भरली. मी काही मागितलं नाही. पाव आठवला नाही, पंप आठवला नाही. एवढंच मनात आलं की बापा, तू अजून इथेच आहेस होय. बस, एवढीच प्रार्थना. मग डोळे पुसले आणि गीत सुरू केलं. हर्षदशेठ फेसासकट शेवटपर्यंत बसले, आवडाबाई त्यांना बोट ठेवून ओळ दाखवत होत्या. आशीर्वाद झाल्यावर मी स्वतः त्यांच्या हातात चावी ठेवली आणि माफीही मागितली. ते म्हणाले, "काका, डोकं खाजतंय, माफी नंतर."

संध्याकाळी त्यांनी इंटरनेटवर एकच तारा दिला. खाली लिहिलं: मालक वेडा आहे, पाणी बंद करून देवाकडे जातो. गाणी बरी होती.

त्यानंतर पाहुणे घटले. गाडी विकली. पंचपदाचा राजीनामा दिला, पेटी वाजवणं मात्र ठेवलं. केतन माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर पाहुण्यांना पाठवतो तोच तयार निरोप मलाही येतो, "डिअर गेस्ट, कृपया बागेतले दिवे बंद करावेत." सख्खा मुलगा, जेवायला समोर बसतो, आणि मी डिअर गेस्ट. याचं मला दुःख नाही असं म्हणणार नाही. तो आळशी नाही, लबाडही नाही. मला जिची भीती वाटते तीच जाळी त्याला गोड लागतेय, आणि ती मीच लावून दिली. पण बापाने पाटी उतरवली तर पोराला काय दिसेल? तेव्हा त्याला समजाव किंवा मला समजाव, पाटी राहणार. तुला हे वेडेपण वाटत असेल तर खुशाल वाटू दे. भाऊजींना सलाम.

तुझा,
शांतू

ता. क. – सोबतच्या पार्सलमध्ये सोडे आहेत, आमसुलं आहेत, आणि सोड्यांच्या खाली फडक्यात गुंडाळून माझा फोन आहे. खरं काम हेच. तो तुझ्या कपाटात कुलपात ठेव. उपासनेत पेटी वाजवताना अजूनही माझा डावा हात खिशाकडे जातो, आणि भाता बंद पडतो. मी कितीही गयावया केली तरी परत पाठवू नकोस. पेशंट रडला म्हणून तू कधी सुई थांबवली नाहीस.

ता. क. दुसरं – त्यावर हर्षदशेठचा फोन आला, तर मे महिन्याच्या सुट्टीसाठी विचारतील. परत यायचं म्हणतायत, सगळ्या खोल्या पाहिजेत म्हणे. सोमवार ते शनिवार सांग. घासाघीस केली तर ऐकू नकोस, एसीचे वेगळे पडतील म्हणावं. सगुणाला यातलं काही कळवू नकोस.

ता. क. तिसरं – ताई, सगुणाचा सलाम. पाकीट चिकटवायच्या आधी मी सगळं वाचलं. पार्सलमध्ये फोन शोधू नका, यांनी तो कालच परत काढून घेतला आणि आता उशाशी घेऊन झोपलेत. सोडे तेवढे खरे आहेत. पण यांना रागावू नका. पाटीचा रंग उडाला होता, तो परवा कोणीतरी नवीन दिलाय. यांना वाटतं मी दिला, मला वाटलं यांनी. केतनच्या नखांत निळा रंग आहे, आणि आम्ही दोघंही त्याला काही विचारणार नाही.